पितळेच्या रंगाची मूस

चार माणसं आणि एक भट्टी पत्र्याच्या शेडमध्ये कोंडली की किस्से साचायला वेळ लागत नाही. पिंपरीच्या आमच्या शेडमध्ये तर गंधकही होता!

पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही मुशी बनवायचो, म्हणजे धातू वितळवायची भांडी. काही तापट धातू वितळले की साध्या मुशीलाच खातात. म्हणून आमचे डॉक्टर (रसायनशास्त्राचे, औषधांचे नव्हेत) सिरियम धातू आणि गंधक यांच्या संयुगाची मूस घडवत. रंग थेट पितळेचा, आणि पितळ वितळतं त्याच्या दुप्पट तापमानातही जागची हलत नसे.

गंधकाचा वायू म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. तो आमच्या कपड्यांतच मुरलेला. स्टेशनसमोरच्या हॉटेलवाल्याने आमच्यासाठी बाहेर लिंबाखाली वेगळं बाकडं टाकलं होतं. पावसात तो आम्हाला आत घ्यायचा, मग बाकीची गिऱ्हाइकं बाहेर उभी राहायची.

पहिली मूस न तडकता निघाली तेव्हा डॉक्टरांनी मला मिठी मारली. एरवी ते माझा रजेचा अर्जसुद्धा दोन बोटांत धरून घेत.

एकदा एका पाहुण्यांनी विचारलं, "यात काहीही वितळवता येतं?"

"प्लॅटिनम सोडून. ते मुशीलाच खातं," डॉक्टर म्हणाले. पाहुण्यांनी सोन्याच्या अंगठीचा हात हळूच खिशात घातला.

पण खरा किस्सा दसऱ्याचा. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब येणार होते. मूस टिकली तर शेड चालू, नाहीतर टाळं. धड मूस एकच होती.

त्या दिवशी सकाळी आलो तर शेडभर तोच वास, आणि मूस लखलखीत. भट्टी सांभाळणारे मोशी गावचे सोपानराव खुशीत होते. "काल पूजेत ठेवायची व्हती. पितळंवानी हाय, म्हनून चिंचंनं घासली."

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. आम्लाने ही मूस झिजते.

साहेबांसमोर त्याच मुशीत सिरियम वितळवला. दुपारी भट्टी उघडली. धातू स्वच्छ, मूस शाबूत! मला तर रडूच आलं.

साहेबांनी शेड चालू ठेवण्याच्या कागदावर सही केली. मग मूस हातात फिरवत विचारलं, "आधीच्या सगळ्या काळवंडलेल्या होत्या. हिला ही चमक कशी आणलीत?"

डॉक्टर कधी खोटं बोलत नसत. "सौम्य आम्ल वापरलं. प्रमाण सोपानरावांना माहीत आहे."

साहेबांनी पेन उघडलं. "किती?"

"मूठभर," सोपानराव म्हणाले.