दुपटी विकण्याआधी

सल्ला मागणं मला जन्मात जमलं नाही. आमच्याकडे कुणाला काही विचारावं, तर तो उत्तर देण्याआधी आपलीच तीन दुखणी सांगतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात बातमी पोचवतो. त्यामुळे घोडबंदर रोडवरच्या कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी घरी बसले, तेव्हा ऑनलाइन काहीतरी विकायचा विचार मी नवऱ्याच्याही आधी एआयला सांगितला. यंत्राला आतेसासूबाई नसतात आणि सोसायटीचा ग्रुपही नसतो.

मला वाटलेलं, ते गोड गोड बोलेल. पण पहिल्या दोन कल्पना त्याने प्रश्न विचारून विचारूनच निकालात काढल्या. मोदकाच्या पिठाबद्दल म्हणालं, बाजारात मिळतं त्यापेक्षा तुमचं वेगळं काय?  कापडी पिशव्यांबद्दल म्हणालं, मैत्रिणी छान म्हणतील, पण दुसऱ्यांदा घेतील का? तिसरी कल्पना मी इथे सांगतही नाही, लाज वाटते. मी चिडून लॅपटॉप बंद करायचे आणि तासाभराने पुन्हा उघडायचे.

चौथी कल्पना ताईच्या दुपट्यांची होती.

ताई माझी सख्खी बहीण, सहा वर्षांनी मोठी. डोंबिवलीत कोपरला राहते. भावोजी मानपाड्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. आमच्या नात्यात मूल जन्मलं की ताईचं गाठोडं ठरलेलं: चार दुपटी, चार झबली, दोन टोपडी. मलमल तीनदा धुऊन, वाळवून मगच ती कातरीला हात लावते. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवते, बाळाच्या अंगाला टाका लागू नये म्हणून. माझी मुलगी चार वर्षांची होईस्तोवर ताईचं एक विरलेलं दुपटं हातात धरल्याशिवाय झोपत नसे.

ताईला मूल नाही. हे आत्ताच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. बारशाला पाळण्यात ताईचं दुपटं असायचं आणि ताई स्वयंपाकघरात घुगऱ्यांकडे बघत असायची. तिला कुणी जा म्हणायचं नाही, कुणी ये म्हणायचं नाही. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळ या हातातून त्या हातात जायचं, ते हात सगळे लेकुरवाळ्यांचे. माझ्या मुलीच्या बारशालाही तसंच झालं. मी थकलेली होते, घर सासूबाईंचं होतं. कारणं माझ्याकडे भरपूर आहेत.

ही कल्पना यंत्राने उडवून लावली नाही, पण लगेच डोक्यावरही घेतली नाही. म्हणालं, नात्यातल्या नकोत, अनोळखी दहा आयांशी बोला. आवडेल का असं विचारू नका. गेल्या वेळी कपडे कुठून घेतले आणि काय खटकलं, ते विचारा. मी आमच्या टॉवरखालच्या बागेत बाबागाड्या ढकलणाऱ्या मुलींना गाठलं. कुणाच्या बाळाला आतली शिवण टोचलेली, कुणाचं कापड पहिल्या धुण्यातच कडक झालेलं. त्यांच्या तक्रारी ऐकताना मला इतका आनंद होत होता की एका मुलीने विचारलं, तुम्ही हसताय का?

मग यंत्राच्या सांगण्यावरून ठरलं, आधी तीसच नग करायचे, ऑनलाइन एक पान बनवायचं आणि कोण विचारतंय ते बघायचं. ताईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "लोक विकत घेतील गं माझ्या हातचं?" तिच्या आवाजात असं काही होतं की माझेच डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तिने नवी कातर आणली.

पानावर काय लिहावं हे विचारलं, तेव्हा यंत्राने सुचवलं की कपडे कुणी शिवलेत ते सांगा, लोकांना ते आवडतं. तिथे माझी बोटं अडखळली. मग मी लिहिलं: 'माझ्या ओळखीच्या एक बाई शिवतात. त्यांना स्वतःचं मूल नाही. गिऱ्हाईक अपशकुन मानेल का? लपवावं का?'

ओळखीच्या एक बाई म्हणे. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय यंत्रापुढेही सुटली नाही.

उत्तर आलं की काही जण मानतीलही, बरेचसे मानणार नाहीत. कपडे विकायला कुणाचं खाजगी आयुष्य सांगायची गरज नाही. पण त्यांच्याबद्दल काय लिहायचं, हे त्यांनाच विचारा. ते त्यांनी ठरवायचं आहे. मी पहिलं घेतलं, दुसरं घेतलं आणि तिसरं सोयीस्करपणे ओलांडलं. पानावर लिहिलं, 'एका आईच्या हातची दुपटी'. वर फोटो माझा, मांडीवर मलमल घेऊन बसलेली. मला धड बटण लावता येत नाही.

यंत्राने करून दिलेली मापांची यादी त्याच संभाषणात खाली होती, म्हणून मी माझा जुना टॅब ताईला देऊन टाकला. उघडलास की समोर दिसेल, असं सांगितलं. ताई भजी बांधून आलेला कागदसुद्धा उलगडून दोन्ही बाजूंनी वाचणारी बाई. यादी वाचून झाल्यावर ती वर सरकणार, एवढं साधं मला सुचलं नाही. मी तिला शिवणापुरतंच धरून चालले होते.

शनिवारी दुपारी मी कोपरला नग आणायला गेले. तिसाचे तीस तयार होते. इस्त्री केलेले, पाच-पाचच्या गड्ड्या करून मलमलच्याच पट्टीने बांधलेले. मला बघताच भावोजी पिशवी घेऊन भाजीला निघाले; भरदुपारी कोण भाजीला जातं? ताईने चहा दिला आणि टॅब माझ्यासमोर ठेवला.

"हे तू लिहिलंस ना?"

मी भराभर बोलत सुटले. लोक कसे असतात, तुला कुणी काही बोलू नये म्हणूनच मी असं केलं, मी स्वतः असलं काही मानत नाही, धंदा म्हटला की गिऱ्हाइकाचा विचार आधी करावा लागतो. शेवटी खापर यंत्रावरही फोडून पाहिलं: त्यानेच म्हटलेलं, सांगायची गरज नाही.

"त्याने मला विचारायला सांगितलेलं," ती म्हणाली. "ते मी दोनदा वाचलं."

ताई रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, तिला जवळ घेऊन, माफी मागून मी मोकळी झाले असते. ती एकेक गड्डी पिशवीत भरत राहिली आणि खाली बघूनच बोलली. सासरी बाजूला ठेवायचे ते तिने गिळलं. डोहाळजेवणाचं आमंत्रण तिचं दार सोडून वरच्या मजल्यावर जायचं तेही गिळलं. माहेरचं कुणी आपल्याबद्दल असं मानत नाही, एवढं धरून ती इतकी वर्षं होती. मी ऐकत होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. इतकी शरम मला नोकरी गेली तेव्हाही वाटली नव्हती.

तरी तोंडातून तेच निघालं. "ताई, माझं नाही गं तसं काही. गिऱ्हाइकं..."

"तू विचारलंस तेव्हा एक तरी गिऱ्हाईक आलेलं का गं?"

मी उठले. पिशवी उभी धरू नकोस, घड्या मोडतील, असं सांगून तिने ती माझ्या हातात दिली.