धुळ्याच्या प्रदर्शनातला तिचा हात

तो शेवटचा सोमवार. पंचविसाव्या झाडाचं खालचं पान तिनं उलटलं, म्हणाली, "तुडतुडे तीन, मावा नही," आणि शेतकी कॉलेजच्या त्या विद्यार्थ्यानं वहीत लिहून घेतलं. मग आम्ही तिघं बांधावर बसलो आणि कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकर ठेच्याशी खाल्ली. त्यानं एकट्यानं तीन भाकरी हाणल्या. त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून साधं असं काही केलं नाही.

आता ती गेली, माझी बायको. चैत्रात वर्ष होईल. ती होती तोवर हे लिहायची सोय नव्हती. मी चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर वाकडं, पण सांगायचं ते सरळ सांगतो.

स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. अमळनेरच्या बाजूला आमचं वावर. शेतकी कॉलेजचा हा मुलगा कपाशीवरची कीड मोजायला आला. परीक्षेआधी एक हंगाम शेतावर काढायचा, असा त्यांचा नियम होता. म्हणाला, "भाऊ, सगळ्या कपाशीला पावडर मारा. फक्त या चार ओळी सोडा. त्याशिवाय पावडरीचा फरक कळायचा नाही."

मी नाही म्हणालो. आपल्या हातानं लावलेली झाडं अळीला घालायची?

ही म्हणाली, "चारच ओळी मांगी राहिना ना. शिकेल पोऱ्या शे." तिच्या शब्दावर सोडल्या.

दर सोमवारी उन्हं चढायच्या आत मोजणी. तुडतुडे गारव्यात सुस्त असतात, तेव्हाच सापडतात. त्याला पान धरता येत नव्हतं. हात लावला की किडे उडून जायचे, हा नुसता बघत राहायचा. हिनं शिकवलं, "देठले धर भाऊ, पानले नको." पुढं मोजायची हीच, आणि तो लिहायचा. तिला अक्षर येत नव्हतं, पण गेल्या सोमवारी कुठल्या झाडावर किती होते ते ती चालता चालता सांगायची. तो वही उघडून बघायचा, बरोबर निघायचं.

शेजारच्या वावरातला नाना बांधावरून ओरडायचा, "म्हशी विकीसन अळ्या पाळ्यात का रे?"

बांधावरून आमचं तीन वर्षांचं भांडण. मी तोंड फिरवायचो. ही सोडायची नाही. "दूध बी देतस, नाना. लोटा लई या!"

दसऱ्यापर्यंत त्या चार ओळींची बोंडं अळीनं पोखरली. नानाच्या काठावरच्या झाडांवरही अळी गेली. तेव्हा त्याचे टोमणे थांबले आणि शिव्या सुरू झाल्या. मुलगा कॉलेजचा कॅमेरा घेऊन आला. "अक्का, पान धरा ना, तुमच्यासारखं कोणाला जमत नाही." तिनं धरलं. जाताना सांगून गेला, की धुळ्याला प्रदर्शन आहे, तिथं हा फोटो लागेल, तुम्ही दोघं या.

आठ दिवस ती विहिरीवर येईल-जाईल त्या बाईला तेच सांगत होती.

एस.टी.नं गेलो. तिनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं, त्याच्यासाठी कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधून घेतल्या होत्या. मंडपात फोटो लांबूनच दिसला. किडलेलं बोंड, उलटलेलं पान आणि पान धरलेला हात. तिनं बांगड्या ओळखल्या.

"हाऊ मना हात शे!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

खाली पाटी होती. मी अक्षर लावत लावत वाचली. 'शेतकऱ्याच्या हयगयीने बिघडलेली कपाशी. असा शेतकरी स्वतःचे व शेजाऱ्याचेही नुकसान करतो.'

पुन्हा वाचली. तेच होतं.

मुलगा तिथंच उभा होता, साहेब लोकांच्या मागं. ही त्याला म्हणाली, "काय लिखेल शे भाऊ? वाची दखाड ना." तो आपल्या बुटांकडं बघायला लागला. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "भाऊ, पाटी साहेबांनी लिहिली. मी काय बोलणार?"

चार ओळी सोडा म्हणताना तोंड होतं की त्याला.

ती मला म्हणाली, "तुम्ही सांगा."

जन्मात मी कोणाचं मन राखायला खोटं बोललो नाही. माझ्या तोंडानं सोयरे तुटलेत. त्या दिवशी बोललो. "पानं कशी तपासावी, ते लिहिलंय. अशी तपासावी, म्हणतात."

मुलगा हसला. सुटला ना तो. तिनं त्याच्या हातात भाकरी दिल्या, आणि त्यानं त्या घेतल्या. पाटीचं एक वेळ सोडून देईन. त्या भाकरी त्यानं घेतल्या, ते नाही.

परत येताना ती सारा रस्ता बोलत होती. मला एकच दिसत होतं. दुसऱ्या दिवशी नाना प्रदर्शनाला जाणार होता. तो सातवी फायनल पास. पाटी घडाघडा वाचणार, आणि येऊन आमच्या दारात तिला ऐकवणार.

सकाळी ती जात्यावर बसली तसा मी नानाच्या घरी गेलो. तो ओट्यावर निंबाची काडी चघळत होता. मी बसलो नाही. पाटी पाठ झाली होती, ती पहिल्या शब्दापासून माझ्याच तोंडानं त्याला म्हणून दाखवली. शेजाऱ्याचं नुकसान, तेही.

त्यानं काडी काढली. "मंग मी काय खोटं बोलत होतो?"

"नाही."

"तिले काय सांगं तू?"

सांगितलं. मग म्हणालो, "मला चावडीवर उभं करून शिव्या द्या, नाना. तिच्यासमोर नको."

तो थुंकला, पाण्याचा तांब्या उचलला, चूळ भरली. तो "बरं" म्हणेपर्यंत मी त्याच्या ओट्याखालून हललो नाही.