पान एकशे बेचाळीसवरची रोवीना

डोरिन पिकेटला विचारल्याशिवाय आमच्या हॅरो क्रीकमध्ये कुणी खुनाचं पुस्तक घरी नेत नसे. बाई पोस्टातून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, गुडघे कामातून गेलेले. पण सकाळी दहाच्या ठोक्याला काठी टेकत वाचनालयात हजर. ग्रंथपालाचा पगार मला होता, रुबाब तिचा होता.

त्यातही ब्रदर एझ्रावरची पुस्तकं म्हणजे तिचं खास दुकान. हा स्वतःला देवाचा कारभारी म्हणवणारा बुवा. वरच्या खोऱ्यात त्याचा मळा होता. एका सकाळी त्यानंच दारं लावून घेऊन आग लावली आणि एकतीस भक्तांसकट जळाला. त्याला आता चाळीस वर्षं होतील. त्याच्यावर बारा पुस्तकं निघाली आणि बाराच्या बारा डोरिननं चाटूनपुसून वाचलेली.

"हे पत्रकाराचं ने," ती गिऱ्हाइकाला सांगायची. "पहिली साठ पानं सोड. त्यात त्याचं बालपण आहे, आणि बालपण सगळ्यांचंच रडकं असतं. नाहीतर हे त्याच्या ड्रायव्हरचं ने. माणूस एक नंबरचा खोटारडा, पण लिहितो काय! टबात घेऊन बसलीस तर पाणी गार होईल, तुला कळायचं नाही."

आमच्याकडे एक रीत होती. पुस्तक परत देताना वाचकानं आत चिठ्ठी ठेवायची, कसं वाटलं ते लिहायचं. पुढच्यानं तिच्याखाली आपली भर घालायची. पुस्तकापेक्षा चिठ्ठ्याच जास्त वाचल्या जायच्या. ड्रायव्हरच्या पुस्तकातली चिठ्ठी तर गावभर गाजलेली. वर डोरिननं लिहिलं होतं, "पान १४२ वरच्या रोवीनाला भेटा. पोटचं पोर पोत्यासारखं गाडीत टाकते नि मागं वळून बघत नाही. असल्या आईच्या दोन थोबाडीत द्याव्यात." खाली कुणीतरी, "तिसरी माझ्याकडून." त्याच्याखाली आणखी एक ओळ, "चौथी माझी." ही चौथी मी दिलेली. दुपारी काम नव्हतं, हसू आलं, लिहिलं.

मागच्या ऑक्टोबरात एक माणूस आला. पंचेचाळिशीचा, छपरं शाकारणाऱ्याचे डांबरानं काळे झालेले हात. टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "त्या मळ्याबद्दल काय वाचावं?"

डोरिनची कळी खुलली. "बस राजा बस! नवीन दिसतोस गावात. नाव काय?"

"लाइल."

"तर लाइल, सुरुवात या ड्रायव्हरपासून कर. यात ती रोवीना आहे. अशी दगडाच्या काळजाची बाई तू जन्मात पाहिली नसशील!"

लाइल टोपीची कड चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, "पाहिलीय, बाई. ती माझी आई."

डोरिनचा हात पुस्तकावर होता, तो तिथंच राहिला. चिठ्ठी पुस्तकातून बाहेर डोकावत होती. लाइलनं ती ओढली, वाचली. सावकाश, एकेक ओळ. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ही चौथी कुणाची?"

मी म्हणाले, "कुणास ठाऊक. वाचक काहीही लिहितात."

डोरिननं माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर ती पाच वर्षं ओळखत होती. म्हणाली, "सगळं माझंच आहे, राजा. सुरुवात मीच केली."

मी मान खाली घालून शिक्के पुसत बसले. शिक्के स्वच्छच होते.

"मला त्या बुवाचं काही नको," लाइल म्हणाला. "आईबद्दल काय लिहिलंय तेवढं हवंय. माझ्याकडे तिचा फोटोसुद्धा नाही. तुम्ही वाचा. माझ्यानं होणार नाही."

डोरिननं चष्मा लावला आणि पान उघडलं. बुधवारी दुधाचे कॅन घेऊन ड्रायव्हर गावात निघाला, तेव्हा रोवीनानं चार वर्षांचं पोर गाडीत टाकलं, वर गोणपाट टाकलं आणि मागं न बघता निघून गेली. डोरिन थांबली. बोटानं मागची ओळ शोधली, पुन्हा वाचली. "गोणपाट," ती पुटपुटली. "बुधवार. आणि आग..."

"गुरुवारी," लाइल म्हणाला. "मला म्हणाली होती, डोकं वर काढू नकोस. फाटकावर बुवाची पहाऱ्याची माणसं असायची. मागं बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं."

हे पान डोरिननं दहादा वाचलेलं, मी तीनदा, गावानं किती वेळा त्याची गणती नाही. ड्रायव्हरला कळलं नाही ते नाही. पण आम्हाला गोणपाट दिसलं नाही, कारण आम्हाला थोबाडीत मारायची घाई होती.

लाइल टोपी घालून निघून गेला. पुस्तक नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोरिननं बाराच्या बारा पुस्तकांतल्या चिठ्ठ्या काढल्या. लोक कुरकुरले, "अगं डोरिन, आता आम्ही निवडायचं कसं?" ती म्हणाली, "मला विचारू नका. मला वाचता येत नाही." मग कोपऱ्यात बसून ती पहिल्या पुस्तकापासून पुन्हा वाचायला लागली, शाळेतल्या पोरीसारखी ओळीखाली बोट धरून, फक्त रोवीना शोधत. मीही दोन पुस्तकं मागून घेतली. तिनं दिली, पण बोलली नाही. माझ्याशी बोलायला तिला आठ दिवस लागले.

नोव्हेंबरात तिनं लाइलला निरोप धाडला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. टोपी मांडीवर ठेवून तिच्यासमोर बसला.

"चौथी माझी होती," मी म्हणाले. त्यानं मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला ते ऐकायचं नव्हतं.

"ड्रायव्हरचं सोडलं तर दहा पुस्तकांत काही नाही रे," डोरिन म्हणाली. "एकात आहे. अर्धी ओळ."

"वाचा."

तिनं चष्मा सारखा केला. "'...आणि रोवीना, जी भाकरी भाजताना गुणगुणायची.'"

"एवढंच?"

"एवढंच, राजा."

लाइलनं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाला, "परत वाचा."