फॉर्मला मान्य नसलेली उत्तरं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या ट्रेनिंग डिपार्टमेंटमध्ये तर जमवायला जागाच नव्हती. एक खोली, दोन टेबलं आणि किल्ली हरवलेलं एक कपाट. तरी इतके साठलेत की उस्मानपुऱ्यात आमच्या घरी कुणी आलं, की चहाच्या आधी फर्माईश होते, "तो फॉर्मचा किस्सा सांग ना!" कुठला, ते मला विचारून घ्यावं लागतं.

आमची कंपनी चितेगावला. गाड्यांना लागणारे रबराचे भाग बनवते. ट्रेनिंगला आम्ही दोघंच. मी, आणि सेफ्टी सुपरवायझर काकडे मामा. मामा मूळचे देवगाव रंगारीचे. शेती भावाकडं सोपवून नोकरीला आलेले.

दरवर्षी कामगारांची सुरक्षेची परीक्षा व्हायची. कागदावर, टिकमार्कची. सगळ्यांचे टिकमार्क सारखे, चुकासुद्धा सारख्या. मग नवे प्लँट मॅनेजर आले. सगळे त्यांना साहेब म्हणत. ते म्हणाले, "टिकमार्क बंद. ऑनलाइन फॉर्म करा. रिकाम्या जागा भरा. त्यात कॉपी होत नाही."

साहेबांनी बहुतेक कॉपी पाहिलेली नव्हती.

*

पहिला प्रश्न मी तयार केला. "शॉपफ्लोअरवर जाताना डोक्यावर ______ असावे."

सोप्पा. उत्तरंही आली. हेल्मेट, हेलमेट, टोपी. एकानं लिहिलं, "तेल."

पण निकाल लागला तो असा, की या प्रश्नात सगळे नापास! हेल्मेटवालेसुद्धा. साहेबांनी स्वतः परीक्षा दिली होती. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, मीसुद्धा चूक?"

"हो सर. तुम्हीसुद्धा."

दुपारपर्यंत मी चूक शोधत बसले. उत्तराच्या रकान्यात मी "हेल्मेट" लिहून पुढं पूर्णविराम दिला होता. वडील मराठीचे शिक्षक. पूर्णविरामाशिवाय ओळ सोडायची नाही, ही घरची शिस्त. फॉर्म म्हणत होता, पूर्णविराम असेल तरच बरोबर.

साहेबांना सांगितलं. त्यांनी तो पूर्णविराम स्क्रीनवर जवळून बघितला. मग म्हणाले, "वडिलांना नमस्कार सांगा."

*

एवढं झाल्यावर मामांनी प्रश्न काढायचं काम स्वतःकडं घेतलं. "लई सोपं हाय, मॅडम. वाक्य घ्यायचं, त्यातला एक शब्द काढून घ्यायचा."

"कुठला शब्द काढायचा, ते महत्त्वाचं असतं, मामा."

"व्हय व्हय," म्हणाले, आणि एक वाक्य घेतलं. "आग लागल्यास न घाबरता बाहेर पडावे." त्यातला एक शब्द काढला.

संध्याकाळी उत्तरं उघडली. प्रश्न होता, "आग लागल्यास ______ घाबरता बाहेर पडावे."

निम्म्या शिफ्टनं लिहिलं होतं, "लई."

मामा स्क्रीनकडं बघत म्हणाले, "खोटं नाय लिहिलं कुणी."

*

ते साल दुष्काळाचं होतं. शहरात नळाला पाणी आठव्या दिवशी, कंपनीत टँकर. कागदावरचे नियम मात्र चांगला पाऊस झालेल्या सालातले होते. त्यातलाच प्रश्न, "डोळ्यात केमिकल गेल्यास डोळे वाहत्या पाण्याने ______ धुवावेत." उत्तर, पंधरा मिनिटे.

मिक्सिंग विभागातले सलीमभाई जुने ऑपरेटर. त्यांनी लिहिलं, "पंधरा मिनिटे (पानी रहा तो)."

फॉर्मनं चूक दिली. सलीमभाई तडक आमच्या खोलीत.

"मॅडम, जवाब तो बराबर है ना मेरा?"

"पंधरा मिनिटं बरोबर आहे. पुढचा कंस काढा."

"कंस कैसा निकालूँ? सुबह से नल कू हवा आ रही."

मामा आणि मी त्यांच्याबरोबर मिक्सिंगला गेलो. भिंतीवर पाटी होती, डोळे धुण्याची जागा. मामांनी नळ सोडला. नळ नुसता खाकरला. तिघंही तिथंच उभे राहिलो. गेला महिनाभर मी याच नळाचे मार्क देत होते.

साहेबांना तसंच बोलावून नळ दाखवला. त्याच आठवड्यात त्या नळाला वेगळी टाकी बसली. सलीमभाईंना मी हातानं मार्क दिला आणि म्हटलं, "आता तरी कंस काढाल ना?"

"टाकी कब तक भरी रैती, देखूँगा," ते म्हणाले. "फिर निकालूँगा."

*

फॉर्ममध्ये राहत्या पत्त्याचीही एक रिकामी जागा होती. पॅकिंगमधला भगवान गावाकडची दोन माणसं घेऊन शहराच्या कडेला एका नव्या वस्तीत राहायला आला होता. त्यानं भरलं, "रस्ता संपतो तिथलं घर."

चार महिन्यांनी पत्ता बदलला म्हणून अर्ज. "रस्ता संपतो त्याच्या अलीकडं, डावीकडची तिसरी गल्ली." दिवाळीनंतर पुन्हा अर्ज. "चौकातलं घर, मोबाइलच्या दुकानामागं."

मी विचारलं, "भगवान, वर्षात तिसरं घर? मालक त्रास देतात का?"

"नाय मॅडम, घर तेच हाय. गाव सरकायलंय."

*

"अपघात झाल्यास ताबडतोब ______ कळवावे." हवं होतं, सुपरवायझरला. एका उत्तरात होतं, "गावाकडं सोडून सगळ्यांना."

मी हसले. मामा हसले नाहीत.

"बरोबर हाय त्याचं," म्हणाले. "मी पण नव्हतं कळवलं."

मामांची डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे. आधीच्या नोकरीत प्रेस मशीनमध्ये गेली. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी कधी विचारलं नव्हतं.

"मग घरी काय सांगितलं?"

"दोस्ताच्या शेतात, विहिरीवरच्या मोटारीच्या पट्ट्यात गेली म्हणून. शेतात कायबी झालं तर कुणी नोकरी सोड म्हणत नाय."

*

आता सिंधू मावशींचा.

मावशी कंत्राटावर झाडलोट करायच्या. त्यांनाही परीक्षा सक्तीची होती. पास नाही तर गेटपास नाही, आणि गेटपास नाही तर काम नाही. मावशींना वाचता येत नव्हतं. म्हणून मी प्रश्न वाचायचा, त्या सांगतील ते उत्तर टाइप करायचं, आणि मी काही सुचवत नाही ना, हे बघायला मामांनी शेजारी बसायचं, असं ठरलं.

वीस प्रश्न. पास व्हायला सोळा लागत. एकोणीस झाले तेव्हा मावशींचे पंधरा होते.

विसावा प्रश्न साहेबांनी स्वतः घातलेला होता. "कंपनीत मला ______ वाटते." उत्तर, सुरक्षित.

एप्रिल महिना होता. खोलीत कूलर चालू होता आणि मावशी बरोबर त्याच्यासमोर बसल्या होत्या.

"खरं सांगू का?"

"खरंच सांगा."

"गार."

मी मामांकडं बघितलं. मामांनी कूलरकडं बघितलं.

"मावशी, अजून काही वाटतं का?"

"मॅडम," मामा म्हणाले, "सुचवायचं नाय."

मी टाइप केलं. गार. फॉर्मनं लाल फुली दाखवली. मावशी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांना फुली कळली नव्हती, तोंड कळलं असावं. "नाय का जमलं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी उत्तरांची यादी उघडली. विसाव्या प्रश्नापुढं "सुरक्षित" होतं, त्याच्याखाली "गार" लिहिलं. या वेळी पूर्णविराम दिला नाही. मामा उठून खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मावशींचे सोळा झाले. जाता जाता त्यांनी फॉर्मला हवं असलेलं उत्तर विचारलं, मी 'सुरक्षित' सांगितलं.

दोन महिन्यांनी ऑडिटर आले, दिल्लीकडचे. त्यांनी नेमकी तीच यादी उघडली आणि बोट ठेवलं. "ये 'गार' क्या है?"

माझी नोकरी गेलीच म्हणून मी धरून चालले.

"सर, वो हमारे इधर का शब्द है," मामा म्हणाले. "आदमी सेफ रहा, तो उसको गार लगता है."

ऑडिटरनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. रिपोर्टमध्ये 'चांगल्या पद्धती' या मथळ्याखाली एक ओळ आली, स्थानिक बोलीचा वापर. हेड ऑफिसनं आमचा फॉर्म नमुना म्हणून सगळ्या प्लँटना पाठवला. गुजरातच्या प्लँटमधून मला फोन आला, "मॅडम, ये गार का गुजराती में क्या लिखें?"

पुढच्या उन्हाळ्यात पाणी आणखी तुटलं. परीक्षेच्या दिवशी मावशी त्याच खुर्चीत बसल्या. टँकर न आल्यानं कूलर कोरडाच फिरत होता. विसावा प्रश्न मी मुद्दाम सावकाश वाचला.

मावशींनी कूलरकडं बघितलं, पदरानं मान पुसली आणि म्हणाल्या, "लिवा, सुरक्षित."