करडीच्या तेलातला ओवा

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुला सांगून राहिलो — का, ते विचारू नको गड्या.

लातूर जिल्हा नवा झाला, त्यातच दुष्काळ पडला. तेव्हा मी उदगीरकडच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात होतो. नुसता सुया टोचणारा — पण गाव मला डॉक्टर म्हणायचं, अन् मला ते लई गोड वाटायचं. चन्नव्वामावशी तर लेकरागत जपायची. एकटी बाई. तिची देवणी गाय चंद्री, अन् चंद्रीच्या दुधावर चालणारं चहाचं हाटेल. बस, एवढाच तिचा पसारा.

चंद्रीच्या कासेला दगडी झाली. दूध नासलं, कास टणक. माझं इंजेक्शन लागू होईना. कसं होणार? पाच सुया लागायच्या तिथं आम्हीच दोन टोचून निघायचो, रोग त्या औषधाला कधीच निर्ढावला होता. मावशी करडीच्या तेलात ओवा कढवून ठेवायची. "लावू का रे?" म्हणाली. लाव म्हटलं. माझी सुई चालू, तिचं चोळणं चालू. आठवड्यात कास मऊ पडली! एकट्या तेलानं झालं, असं मी म्हणत नाही — पण एकट्या सुईनं झालं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग नव्या जिल्ह्याचे आमच्या खात्याचे साहेब आले. कशानं बरी केली, विचारलं. तेलाचं नाव घेतलं तर हसतील — म्हणून म्हणालो, "इंजेक्शननं, साहेब." मावशी शेजारीच उभी. तिलाही वर शहाणपणा शिकवला, तेलाचं खूळ सोड म्हणून. काय गरज होती मला मेल्याला? तिनं सोडलं. माझा शब्द ना तो!

पुढच्या वेताला परत दगडी. परत सुई लागू होईना. "मावशी, तेल आण" — एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. रोज गेलो, टोचलं, गप्प बसलो. रोज! चंद्रीचे चारही सड आटले. हाटेल बंद पडलं.

मी गोठ्यात मान खाली घालून बसलो होतो. मावशीनंच पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको बाळा. तू लई केलंस चंद्रीसाठी."

मी "हाव, मावशी" म्हणालो.