पाटावरची पेडलं

गिटारपुढे चार-पाच लोखंडी डब्या मांडल्या की माणूस कलाकार होतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. गेल्या गणपतीत ती गेली. आता मी पुष्कळ शांत असते.

गिटार मी पन्नाशीला टेकल्यावर शिकले. ह्यांची बदली झाशीला झालेली, मुलगी केतकी कमावती झालेली, आणि योगासनांना माझ्या गुडघ्यांनी साफ नकार दिलेला. उरलं काय? गिटार! मग कुणीतरी सांगितलं, नुसत्या गिटारने काय होतंय, पेडलं हवीत. पेडल म्हणजे पायाने दाबायची डबी. एक दाबली की गिटार चिरकते, दुसरी दाबली की विहिरीतून आल्यासारखी घुमते. ट्यूनर तारा सुरात लावायला. तो चालू असला की बाहेर आवाज जात नाही. आणि लूपर म्हणजे आपण वाजवलेलं ऐकून घेणार आणि मग तेच ते, तेच ते ऐकवत बसणार. (असं एक माणूस घरात आधीपासून होतं, तरी मी तो घेतला!)

ही सगळी मंडळी मी मानिक चौकातून आणलेल्या वेल्क्रोने जेवायच्या पाटावर चिकटवली. पहिला ट्यूनर, शेवटी लूपर. पंधरवडाभर डोकं खाजवून लावलेली रांग होती ती.

तेवढ्यात केतकीचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा नीरज दाते तिनेच पसंत केलेला, आईवडील ग्वाल्हेरचे जुने मराठी. दातेमंडळी गणपतीच्या निमित्ताने पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होती.

केतकी हात जोडून म्हणाली, "मम्मी, प्लीज, तू कुछ बजाना मत हं."

"एकच गाणं, गं!"

"एक भी नाही. नीरजची आई क्लासिकल गाते. मला लग्न करायचंय!"

मी दुर्लक्ष केलं. खरा घात मात्र ह्यांनी केला. आरतीला माईक हवा, आणि आमच्या स्पीकरला भोक एकच. म्हणून ह्यांनी पाटाच्या तोंडाशी गिटारची वायर काढून माईक खुपसला. तेवढ्यावर थांबावं की नाही? नाही! पेडलांची रांगही उलटी केली. मला न विचारता.

मागाहून विचारलं तर म्हणाले, "अगं, मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्म काढला. सिग्नल कुठून शिरतो नि कुठून निघतो ते मला शिकवतेस?"

"अहो, तो गाडीचा सिग्नल!"

"सिग्नल म्हणजे सिग्नल!"

पण हे मागाहून. त्या संध्याकाळी मला काहीच ठाऊक नव्हतं. दातेमंडळी आतल्या खोलीत जेवत होती आणि मी बाहेर गणपतीपुढे माईक तपासत होते. चष्मा स्वयंपाकघरात. हॅलो हॅलो केलं, आवाज नाही. सवयीने पहिली डबी दाबली. लाल दिवा लागला. म्हणजे ट्यूनर चालू, आवाज बंद. छान!

ती डबी लूपरची होती. तिने कान टवकारले होते. खरा ट्यूनर पलीकडच्या टोकाला आवाज अडवून बसला होता, म्हणून मला काही ऐकू येत नव्हतं, इतकंच.

हे वाटी घेऊन बाहेर आले. "अगं, श्रीखंड आहे का अजून?"

मी थकलेली होते. सकाळपासून उभी होते. म्हटलं, "संपलं! दातेसाहेबांनी चौथ्यांदा घेतलं. पोट आहे का पाण्याची टाकी? आणि ऐका, वहिनींना गायला सांगू नका. एकदा सुरू झाल्या तर विसर्जनाशिवाय थांबायच्या नाहीत!"

एवढं बोलून मी ती डबी पुन्हा दाबली आणि वाढायला आत गेले. लूपर आतल्या आत तेच घोकत बसला.

जेवणं झाली, रात्रीची आरती माईकशिवायच झाली. मग दातेवहिनी गोड हसून म्हणाल्या, "तुम्ही वाजवता म्हणे. ऐकवा की काही."

केतकीने डोळे मिटले. मी ऐटीत पुढे झाले आणि लूपर समजून पलीकडच्या टोकाची डबी दाबली. ट्यूनर बंद झाला. स्पीकरमधून माझा आवाज आला, "पोट आहे का पाण्याची टाकी?"

दातेसाहेबांचा हात आपसूक पोटावर गेला.

मी घाबरून दुसरी डबी दाबली. आता तेच वाक्य राक्षसाच्या आवाजात! तिसरी दाबली, तर "टाकी... टाकी... टाकी..." असं घुमायला लागलं. पहिली दाबली तर लूपर नव्याने ऐकायला लागला आणि टाकीच्या जोडीला "अहो बंद करा! अहो बंद करा!" हेही सुरू झालं.

"कोणी हात लावू नका, मी सिग्नलचा माणूस आहे!" असं ओरडत ह्यांनी भिंतीतला प्लग उपटला. गणपतीची रोषणाई गेली, आणि खोलीत उजेड तेवढाच होता. आवाज चालूच! लाइट जाते म्हणून स्पीकर आणि पेडलं बॅटरीवर चालणारी मीच हौसेने घेतली होती ना!

अंधारात माझा राक्षसी आवाज सांगत होता, "विसर्जनाशिवाय थांबायच्या नाहीत!"

शेवटी केतकीने स्पीकरची वायर ओढली. ह्यांनी प्लग परत खोचला, दिवे लागले. मी जमिनीकडे बघत होते. पोरीचं लग्न माझ्या पायाखाली मोडलं, असंच वाटलं मला.

दातेसाहेबांनी घसा खाकरला. "चौथ्यांदा नाही हो, तिसऱ्यांदाच. एकदा नीरजच्या वाटीतलं घेतलं होतं."

आणि वहिनी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तीस वर्षं मी ह्यांना हेच सांगतेय, पण इतक्या जोरात सांगायचं सुचलं नाही. आणि माझ्याबद्दल म्हणालात तेही खरंच आहे. मी गातेच आता, सोसा!"

गायल्या. दीड तास. सुंदर गायल्या, मधे उठायची माझी छाती नव्हती. उठताना म्हणाल्या, "मुलगी आमची झाली बरं का." केतकी माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "शादी में तू गिटार को हाथ नहीं लगाएगी."

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर शेजारच्या तिवारी भाभी उभ्या.

"भाभीजी, कल आपके यहाँ दो जनी गाईं न? एक तो बहुत लंबा खींच रही थीं। लेकिन वो पहलेवाली, जो बार-बार 'टाकी, टाकी' पुकार रही थीं... मराठी तो समझ में नहीं आई, पर हम तो रो दिए। कौन से भगवान का भजन था?"

वर्षभराच्या रियाजाला मिळालेली ही माझी पहिलीच दाद. मी नम्रपणे मान लवून म्हटलं, "जी, वो हमने ही गाया था।"