रोवणीपर्यंत वाट पाहू

"हे डिप्रेशन आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या नवऱ्याकडे नाही. कितीतरी महिन्यांत माझ्याविषयीची गोष्ट मला सांगणारं हे पहिलं माणूस.

गोंदियात दवाखान्याची पायरी चढली की आमची माणसं आपोआप हिंदीत शिरतात. हे म्हणाले, "मॅडम, पिछली बार तो अपने आप ठीक हो गया था."

मला वाटलं, आता बाई ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. मराठीतच म्हणाल्या, "झालं असेल. कधी कधी उपचारांशिवाय हा आजार ओसरतो. खोटं कशाला सांगू? पण केव्हा ओसरेल ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. तोपर्यंत ही जगायला तर पाहिजे ना?"

यांनी मान खाली घातली. आदल्या दिवशी काय झालं होतं ते त्यांना ठाऊक होतं.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळ एका खेड्यात ब्लाउज शिवते. जीभ माझी कात्रीपेक्षा धारदार, असं सासूबाई म्हणतात, आणि ते खरं आहे. मला मनाचा आजार होईल असं कोणी म्हणालं असतं तर मी त्याचंच माप काढलं असतं.

पहिल्यांदा झाला तेव्हा कारण म्हणून काही नव्हतं. झोप उडाली. जेवण कोंड्यासारखं लागायचं. सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी डोंगर चढायचा आहे असं वाटायचं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येईना. घरचे म्हणाले थकवा आहे, शेजारचे म्हणाले नजर लागली. उतारा झाला, ताईत झाला. शेवटी पावसाळ्यात आई मला बोदलकशाकडे माहेरी घेऊन गेली आणि धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, उभी केली.

आमच्याकडे रोवणी संपते त्या दिवशी बाया एकमेकींना चिखल फासतात. त्या वर्षी मावशीनं माझ्या दोन्ही गालांना चिखल लावला आणि मी हसले. खरंच हसले. तिथून हळूहळू सगळं परत आलं: झोप, भूक, मशीनचा आवाज. का आलं ते मला आजही माहीत नाही. पण गावाला कारण सापडलं. रोवणीनं बरी झाली! ही गोष्ट दोन तालुक्यांत पसरली. मीही ती तिखटमीठ लावून सांगायचे.

दुसऱ्यांदा आजार आला तो दिवाळीनंतर. तेव्हा गावोगाव मंडईच्या जत्रा भरतात, लेकी माहेरी येतात, सगळ्यांना नवे ब्लाउज हवे असतात. मशीनशेजारी कापडाचा ढीग लागला आणि मी त्याच्याकडे पाहत बसून राहिले. एकीचं माप दुसरीच्या कापडावर कापलं. सासूबाईंनी कापड घडी करून ठेवलं आणि म्हणाल्या, "कायले जीव जाळतं? रोवणी लागू दे. मागच्या वक्ती झाली होतीस ना बरी?"

यात कोणाचं मन वाईट नव्हतं. औषध हाताशी आहे, फक्त त्याची वेळ यायची आहे, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही. म्हणून थंडी गेली, उन्हाळा गेला. लेक शाळेतून येऊन मला काही सांगायची आणि मला तिचं तोंड हलताना दिसायचं. पुढे तिनं सांगणं सोडलं. घरात सगळे ढगांकडे पाहायचे, आणि मी सगळ्यांत जास्त.

रोवणी लागली. मी गेले. पाय चिखलात, पाठ वाकलेली, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी. बाजूच्या बाया गाणी म्हणत होत्या. मला काहीच होईना. रोज वाटायचं, आज होईल. शेवटच्या दिवशी बायांनी चिखल फासला, सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. हसली की झालं! मी उभीच राहिले. गालावरचा चिखल वाळला तरी मी तो पुसला नाही.

वाट पाहण्याचा हा सगळ्यांत वाईट भाग आहे, आणि तो मला कोणी सांगितला नव्हता. ज्याची वाट पाहिली ते येऊन गेल्यावर हातात काहीच उरत नाही. मी ठरवलं की रोवणी खोटी नाही, मीच नासलेली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कानातले काढून लेकीच्या डबीत ठेवले आणि गावतळ्याकडे चालू लागले. सासूबाईंनी डबी उघडी पाहिली. गुडघे दुखतात म्हणून अंगणातही काठी घेऊन फिरणारी ती बाई काठीशिवाय, अनवाणी आली आणि तळ्याच्या पाळीवर माझा हात धरून खाली बसली. रागावली नाही. नुसतं म्हणाली, "चाल घरी, बाई. भात थंडा होऊन राहिला."

मग मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोंदियाच्या एसटीत बसलो होतो.

गोळ्यांनी चमत्कार झाला नाही, हेही सांगते. सुरुवातीला तोंड कोरडं पडायचं, मळमळायचं, दिवसभर पेंग यायची. दवाखान्यात बाकड्यावर बसून नंबराची वाट पाहताना ओळखीचं कोणी दिसलं की मी पदर ओढून घ्यायचे. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच बंद करायच्या नाहीत. एकदा औषध बदललं. त्या 'एपिसोड' म्हणायच्या. म्हणजे आजाराची एक फेरी. एक फेरी आपोआप गेली म्हणून पुढची जाईलच असं नाही. माझी पहिली फेरी मला सोडून गेली आणि दुसरीत तिनंच मला फसवलं.

लेक अजून कधी कधी बोलताना थांबते आणि मी ऐकते आहे का ते पाहते. ते भरून यायला वेळ लागेल.

या वर्षी मी पुन्हा रोवणीला गेले. बाया म्हणाल्या, "पाहा, रोवणीनंच बरी झाली शेवटी!" धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जेवण घेऊन आलेल्या सासूबाई तिथूनच कडाडल्या, "रोवणीनं नाही, दवाखान्यानं! रोवणीच्या भरवशावर माही सून गेली असती!" त्या म्हातारीचे पाय धरावेसे वाटले मला.

रोवताना सगळ्या बाया ओळीनं मागे मागे सरकतात. एकीचा हात चालत नसेल तर ती पुढेच अडकते, दोन्ही बाजूंना रोवलेलं आणि मध्ये ती एकटी. त्या दिवशी दुर्गा तशी अडकली होती. गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली पोरगी. बाया तिची थट्टा करत होत्या. मी तिची नजर पाहिली आणि ओळखली. तिच्या जागेत शिरून मी रोवू लागले.

बऱ्याच वेळानं वर न पाहता ती हळूच म्हणाली, "काकी, त्या डॉक्टरीनबाई कोनत्या दिवशी बसतात?"

"मंगळवारी. मी येतो तुयासंग."

"घरचे म्हणतात, दिवाळीपर्यंत पाहू."

मी तिच्या हातातली जुडी घेतली आणि म्हणाले, "मंगळवारी."